पहिली जपानी स्पोर्ट्स कार: दोन गाड्यांतली आपली कोणती, हे कसं ठरवायचं

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एक वही घेऊन आला. कलाभवन कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, पुढचं शिक्षण अमेरिकेत, तिथेच नोकरी, आणि आता महिनाभराच्या सुट्टीवर. "मामा, वर्षभरात पैसे जमतील. सुप्रा घेऊ की झेड?" वहीत चार गाड्यांची नावं होती आणि प्रत्येकीपुढे हॉर्सपॉवरचा आकडा. बाकी काही नाही. जीआर ८६ हे नाव लिहून त्याने खोडलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "तिच्यात दम नाही मामा. फक्त २२८."

तीन संध्याकाळी बसून आम्ही ती वही पुन्हा लिहिली. मी चार वर्षं नागोयाजवळ सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात काम केलं आहे, तिथे माझ्याकडे जुनी माझदा रोडस्टर होती (जपानबाहेर हिलाच एमएक्स-५ म्हणतात), आणि त्या गाडीने मला जे शिकवलं ते कुठल्याही माहितीपत्रकात मी वाचलं नव्हतं. बडोद्यातून दरवर्षी कितीतरी मुलंमुली अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला जातात. पहिला पगार हातात आला की अनेकांच्या मनात हाच प्रश्न येतो. त्यांच्यासाठी, आणि इथेच बडोद्यात अशी गाडी शोधणाऱ्यांसाठी, ती वही इथे उतरवतो आहे.

पायरी १: आधी जोडी लावा

कुस्तीत जोड लावताना वस्ताद दोघांचं वजन बघतो, मगच लंगोट कसायला सांगतो. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गाड्यांचंही तसंच. सुप्रा विरुद्ध जीआर ८६ ही जोडच नाही. किंमत, वजन आणि काम, तिन्ही वेगळी.

आज नव्या मिळणाऱ्या किंवा दोन-चार वर्षं वापरलेल्या गाड्यांत तीन जोड्या खऱ्या. हलक्या गटात माझदा एमएक्स-५ समोर टोयोटा जीआर ८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड. मोठ्या गटात निसान झेड समोर टोयोटा जीआर सुप्रा. आणि ज्यांना एकाच गाडीत ऑफिस, किराणा, आईवडील आले की विमानतळ, आणि रविवारची वळणं असं सगळं हवं आहे, त्यांच्यासाठी होंडा सिविक टाइप आर समोर टोयोटा जीआर कोरोला. या तिसऱ्या जोडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे निवड सोपी आहे. टाइप आरची ताकद पुढच्या चाकांना जाते, कोरोलाची चारही चाकांना. टोरांटोसारख्या बर्फाच्या गावी राहणार असाल तर कोरोला. नाहीतर मागे जास्त ऐसपैस जागा आणि हाताला सुरेख बसणारा गिअर असलेली सिविक.

१९९० च्या दशकातल्या जुन्या गाड्यांची रांग निराळी. त्यांच्याकडे नंतर येतो.

पायरी २: हॉर्सपॉवरच्या शेजारी वजन लिहा

वहीतला सगळ्यात मोठा बदल हा. प्रत्येक नावापुढे आम्ही किलोचा रकाना वाढवला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मॅन्युअल गाड्यांचे ढोबळ आकडे असे: दोन लिटरची एमएक्स-५ सुमारे १,०६० किलो आणि १८१ हॉर्सपॉवर. जीआर ८६ सुमारे १,२८० किलो आणि २२८. सहा सिलिंडरची सुप्रा १,५४० च्या आसपास आणि ३८२. झेड १,६०० च्या आसपास आणि ४००.

आता वजनाला ताकदीने भागा. एका घोड्याला एमएक्स-५ मध्ये ५.९ किलो ओढावे लागतात, ८६ मध्ये ५.६, सुप्रा आणि झेडमध्ये जवळपास ४. म्हणजे सरळ रस्त्यावर मोठ्या दोघी पुढे जाणार, यात वाद नाही. पण आकड्यांत दुसरीही गोष्ट दडलेली आहे. एमएक्स-५ पेक्षा झेड सुमारे ५४० किलोंनी जड आहे. जवळजवळ तीन बुलेट मोटरसायकली टपावर बांधल्यासारखं. तेवढं वजन प्रत्येक ब्रेकला थांबवावं लागतं, प्रत्येक वळणावर टायरला धरून ठेवावं लागतं. म्हणून जड गाडीला मोठे ब्रेक, रुंद टायर, कडक सस्पेन्शन लागतं, आणि ते सगळं पुढे आपल्याच खिशातून जातं.

भाच्याने मग एक हुशारी केली. किमतीला हॉर्सपॉवरने भागलं. एमएक्स-५ आणि ८६ अमेरिकेत साधारण ३० हजार डॉलरच्या आसपास सुरू होतात, झेड ४० हजारांच्या वर, सहा सिलिंडरची सुप्रा ५५ हजारांच्या वर. त्या हिशेबात एक घोडा सगळ्यात स्वस्त पडतो तो झेडमध्ये आणि सगळ्यात महाग एमएक्स-५ मध्ये. "म्हणजे झेडच ना?" मी म्हटलं, आंबे किलोवर घेतले तरी कोयी मोठ्या असलेले आंबे कोणी मुद्दाम निवडत नाही. तू महिन्यात किती वेळा चारशे घोडे पूर्ण सोडणार आहेस? आपल्या अहमदाबाद-बडोदा एक्सप्रेसवेची ९३ किलोमीटर घे. तिथे वेगमर्यादा ताशी १०० आहे आणि त्या वेगाला चौघींपैकी कुठलीही गाडी घाम न गाळता पोहोचते. फरक जाणवतो तो पावागडच्या पायथ्यापासून माचीपर्यंत चढणाऱ्या वळणांसारख्या रस्त्यावर. तिथे हलकी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण वापरता येते, आणि मोठी गाडी अर्धी झाकून ठेवावी लागते.

माझदाने १९८९ मध्ये पहिली एमएक्स-५ आणली तेव्हा तिच्या १.६ लिटर इंजिनात ११६ हॉर्सपॉवर होते. तरी ती जगातली सगळ्यात जास्त विकली गेलेली दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार ठरली. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. जपानी लोक तिच्याबद्दल बोलताना 'जिनबा इत्ताई' म्हणतात: स्वार आणि घोडा एकजीव. माझ्या जुन्या रोडस्टरमध्ये ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. स्टिअरिंग फिरवायचा विचार आणि गाडीचं वळणं यांच्यात अंतर उरत नव्हतं.

आणखी एक खबरदारी. आकडे लिहिताना एकक एकच ठेवा. जपानी कागदावर पीएस असतं, अमेरिकी कागदावर हॉर्सपॉवर. २८० पीएस म्हणजे साधारण २७६ हॉर्सपॉवर. फरक छोटा आहे, पण वादावादी याच चार आकड्यांवर होते.

पायरी ३: ताकद कधी मिळते ते बघा

माहितीपत्रकावरचा ताकदीचा आकडा इंजिन सगळ्यात जोरात ओरडत असतानाचा असतो. रोजच्या रस्त्यावर आपण इंजिन मिनिटाला अडीच ते चार हजार फेऱ्यांत चालवतो. म्हणून टॉर्कचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या रेट्याचा, आकडा, आणि तो किती फेऱ्यांवर मिळतो हे, वहीत लिहायलाच हवं.

८६ चंच उदाहरण घ्या, कारण वापरलेली गाडी घेणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. २०१२ च्या पहिल्या पिढीत दोन लिटरचं आडवं चार सिलिंडर इंजिन होतं: २०५ न्यूटन-मीटर, तेही ६,४०० फेऱ्यांच्या पुढे. मधल्या फेऱ्यांत, नेमकी गरज असते तिथे, गाडी दम खाते अशी तिच्याबद्दल तक्रार होती, आणि ती खरी होती. २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत इंजिन २.४ लिटरचं झालं, टॉर्क २५० झाला, आणि तो ३,७०० फेऱ्यांवरच मिळू लागला. कागदावर ही वाढ थोडीशी दिसते. रस्त्यावर गाडीचा स्वभावच बदललेला जाणवतो. दोन्ही पिढ्यांत किमतीचा फरक परवडत असेल तर मी डोळे झाकून दुसरी घ्यायला सांगेन.

उलट बाजूला होंडा एस२०००. १९९९ ते २००९ या काळात बनलेली ही गाडी सुरुवातीला ९,००० फेऱ्यांपर्यंत जायची, दोन लिटरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनातून २४० हॉर्सपॉवर काढायची. खाली ती साधी सिविक वाटते आणि वर गेली की अंगावर काटा येतो. ज्याला गिअर सतत बदलत राहायला आवडतं त्याच्यासाठी ती सोनं आहे. ज्याला ऑफिसला जाताना चौथ्या गिअरमध्ये निवांत चालवायची आहे त्याने झेडसारखं टर्बो इंजिन घ्यावं. तिचं तीन लिटर ट्विन-टर्बो व्ही-६ खालूनच ४७५ न्यूटन-मीटरचा रेटा देतं.

सुप्राबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण नवख्यांना ती उशिरा कळते आणि मग वाईट वाटतं. २०१९ पासूनची सुप्रा आणि बीएमडब्ल्यू झेड४ यांचा पाया एकच, इंजिन बीएमडब्ल्यूचं, आणि जोडणी ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात. यात कमीपणा काही नाही. ते सहा सिलिंडरचं इंजिन आजच्या उत्तम इंजिनांत गणलं जातं. पण 'जपानी गाडी, म्हणून टोयोटाच्या भावात सुटे भाग' असं गृहीत धरून कोणी घेत असेल तर त्याने सुट्या भागांची चौकशी आधी करावी. आणि मॅन्युअल हवी असेल तर २०२३ च्या मॉडेलपासून पुढची बघावी, त्याआधी ती नव्हतीच.

जीआर ८६ की बीआरझेड, हेही मला पुष्कळदा विचारतात. इंजिन, साचा, कारखाना एकच. फरक स्प्रिंगांच्या जुळणीत. सुबारू पुढून थोडी कडक आहे म्हणून शांत, स्थिर वळते. टोयोटाची मागची बाजू लवकर खेळायला लागते. पहिल्यांदाच मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेणाऱ्याला, विशेषतः पावसाच्या गावी, मी सुबारू सुचवतो.

पायरी ४: जुन्या गाड्यांचं प्रेम आणि त्यांची तपासणी

टोयोटाची जुनी सुप्रा (ए८० पिढी), माझदा आरएक्स-७, निसान स्कायलाइन जीटी-आर. ही तीन नावं ऐकून डोळे चमकतात, माझेही चमकतात. पण यांची तुलना हॉर्सपॉवरवर करूच नका, कारण तो आकडाच बांधलेला होता. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कंपन्यांनी आपापसात अलिखित समजूत पाळली की देशात विकलेल्या गाडीची जाहीर ताकद २८० पीएसच्या वर जाणार नाही. म्हणून त्या काळच्या कागदांवर जीटी-आर, सुप्रा, होंडा एनएसएक्स सगळ्या २८० वर थांबतात. खरी इंजिनं त्याहून जास्त द्यायची.

मग तुलना कशावर करायची? स्वभावावर. सुप्राचं २जेझेड इंजिन तीन लिटरचं, सरळ सहा सिलिंडर, बिडाच्या ब्लॉकचं. ताकद वाढवली तरी सहन करतं, म्हणून बाजारात मूळ अवस्थेतली सुप्रा मिळणंच अवघड. जीटी-आर चारही चाकांवर चालते, आणि आर३२ पिढीने १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. आजची तिची किंमत त्या इतिहासाचीही आहे. आरएक्स-७ या तिघींत सगळ्यात हलकी, सुमारे पावणेतेराशे किलो, आणि माझ्या डोळ्यांना सगळ्यात देखणी. तिच्यात पिस्टन नाहीत. ६५४ सीसीचे दोन त्रिकोणी रोटर फिरतात. याच रोटरी घराण्यातल्या चार रोटरच्या माझदाने १९९१ मध्ये ले मांची २४ तासांची शर्यत जिंकली.

रोटरी घेणाऱ्याने दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. एक, हे इंजिन स्वभावतःच थोडं ऑइल जाळतं, पातळी सतत बघावी लागते. दोन, घेण्याआधी कॉम्प्रेशन तपासायचंच, आणि तेही रोटरीसाठी असलेल्या यंत्राने, कारण एका रोटरच्या तीन बाजू असतात आणि प्रत्येकीचा आकडा स्वतंत्र मोजावा लागतो. साध्या गेजवर एकच आकडा दाखवून "ओके आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

या गाड्या बाहेर देशी मिळतात त्या बहुधा जपानी लिलावांतून. अमेरिकेत २५ वर्षं पूर्ण झालेली गाडी आयात करता येते, कॅनडात १५. म्हणूनच १९९९ ची आर३४ जीटी-आर २०२४ मध्ये अमेरिकेत कायदेशीर झाली, आणि तिचे भाव एक लाख डॉलरच्या बरेच पुढे गेले. पहिल्यांदा घेणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

लिलावाचा कागद वाचायला मात्र शिका. गाडीला अंक असतो: ५, ४.५, ४, ३.५ असे उतरत जाणारे. चार किंवा साडेचार म्हणजे वापरलेली पण नीट राखलेली. 'आर' किंवा 'आरए' असेल तर अपघातानंतर दुरुस्त झालेली. शेजारी गाडीचं रेखाचित्र असतं, त्यावर ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे डेंटिंग-पेंटिंगनंतर पत्र्यावर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज. आणि 'शूफुकु-रेकी' हा शब्द लक्षात ठेवा: सांगाड्याच्या दुरुस्तीचा इतिहास. मी माझी रोडस्टर एका ओळखीच्या माणसाकडून घेतली आणि हा शब्द विचारलाच नाही. गाडी चकचकीत होती, माणूस गोड बोलणारा होता. पहिल्या मोठ्या पावसात डिकीत पाणी साचलं. गॅरेजमध्ये गालिचा उचलला तर खाली मागच्या धडकेनंतर केलेलं वेल्डिंग, आणि त्याला लागलेला गंज. दुरुस्तीत माझे दोन महिन्यांचे पगार गेले. तेव्हापासून गाडी बघायला गेलो की आधी बॉनेट नाही, डिकीचा गालिचा उचलतो.

मूळपणाचीही किंमत असते. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला, तिथे मी भाच्याला घेऊन गेलो होतो. ऐंशी-नव्वद वर्षांच्या गाड्या बघताना जाणकार मंडळी रंगाच्या झगमगाटापेक्षा मूळ दिवे, मूळ बटणं, मूळ आसनं शोधत होती. जपानी गाड्यांचा बाजारही आता तसाच झाला आहे. मोठा टर्बो, मोठा स्पॉयलर लावलेल्या सुप्रापेक्षा कारखान्यातून आली तशी राहिलेली सुप्रा महाग विकली जाते.

पायरी ५: पाच वर्षांचा खर्च मांडा

विकत घ्यायची किंमत हा फक्त पहिला हप्ता. भाच्याच्या वहीत आम्ही प्रत्येक गाडीला अर्धं पान दिलं: विमा, टायर, पेट्रोल, सर्व्हिस, आणि पाच वर्षांनी विकताना काय हाती येईल.

विमा सगळ्यात आधी विचारा. पंचविशीच्या आतला, त्या देशात गाडी चालवण्याचा इतिहास नसलेला मुलगा आणि चारशे घोड्यांची दोन दारी गाडी, हे समीकरण विमा कंपनीला अजिबात आवडत नाही. गाडी निवडण्याआधी दोन्ही गाड्यांच्या नावाने कोटेशन मागवा. भाच्याला झेडसाठी आलेला आकडा बघून तो बराच वेळ काही बोलला नाही.

टायरचा हिशेब कोणी करत नाही, म्हणून मी मुद्दाम करतो. एमएक्स-५ ला १६ किंवा १७ इंचांचे चार सारखे टायर. ८६ ला १७ किंवा १८ इंचांचे चार सारखे. ते पुढचे मागे, मागचे पुढे करत पूर्ण झिजवता येतात. सहा सिलिंडरची सुप्रा आणि झेडची वरची आवृत्ती यांना १९ इंचांचे, आणि मागचे पुढच्यापेक्षा रुंद. ते अदलाबदल करता येत नाहीत, मागचे लवकर जातात, आणि एकेक टायर महाग. बर्फाच्या गावी हिवाळ्याचा वेगळा सेट लागतो, तोही याच मापाचा.

पेट्रोलबद्दल एक गोंधळ दूर करतो. या चारही गाड्यांना प्रीमियम पेट्रोलचीच शिफारस आहे. अमेरिकेतल्या पंपावर लिहिलेला ९१ आणि आपल्याकडचा ९१ एक नव्हे. मोजण्याची पद्धत वेगळी आहे. तिकडचा ९१ म्हणजे आपल्या पद्धतीने साधारण ९५-९६.

पुन्हा विक्रीच्या बाबतीत हलक्या जपानी गाड्या मालकाला सांभाळून घेतात. मॅन्युअल, मूळ अवस्थेतली, सर्व्हिसचे सगळे कागद असलेली एमएक्स-५ किंवा ८६ लवकर विकली जाते. अर्ध्या पानाच्या शेवटी बेरीज केली तेव्हा भाच्याने ८६ वरची काट स्वतःच पुसली.

पायरी ६: एकाच दिवशी दोन्ही चालवा

आज एक आणि पंधरा दिवसांनी दुसरी, असं करू नका. हात विसरतात. सकाळी एक, दुपारी दुसरी, शक्यतो त्याच रस्त्यावर.

इंजिन थंड असताना पोहोचा आणि विक्रेत्याला आधीच सांगा की गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होतानाचा धूर आणि खडखडाट खरं सांगतात. दुसरा गिअर थंड असताना अडतो का ते बघा. मग बसून बघा: गुडघा स्टिअरिंगला लागतो का, मान वळवली की मागचं किती दिसतं. सहा फुटांच्या वरच्या माणसाला एमएक्स-५ मध्ये डोकं टपाला टेकतं, हे पाच मिनिटांत कळतं आणि सगळा प्रश्न तिथेच मिटतो. सामानाचंही बघा. एमएक्स-५ च्या डिकीत दोन छोट्या बॅगा. सुप्राला मागची सीट नाही. ८६ ची मागची सीट मोठ्या माणसासाठी नाही, पण ती पाडली की चार टायर मावतात, आणि विद्यार्थ्याचं खोली बदलण्याचं सामानसुद्धा.

चालवताना रेडिओ बंद. खडबडीत रस्त्यावर शॉकअप आणि बुशांचे आवाज ऐका. मोकळ्या जागी ब्रेक जोरात दाबा, स्टिअरिंग हललं तर डिस्क वाकलेली. भाच्याने ऑक्टोबरात एका शनिवारी झेड आणि ८६ दोन्ही चालवल्या आणि तिथूनच फोन केला. झेडबद्दल त्याने मला तिचा वेग सांगितला. ८६ बद्दल बोलताना रस्ता सांगत होता: कुठलं वळण, कुठे झाडं, कुठे गिअर टाकला. मला तेवढं पुरलं. त्यालाही पुरलं, दोन आठवड्यांनी त्याने ८६ घेतली.

पायरी ७: बडोद्यातच घ्यायची असेल तर

इथे आधी कायदा, मग गाडी. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची लागते, आणि मुंबई बंदरातूनच यावी लागते. सीमाशुल्क, अधिभार आणि जीएसटी धरून किंमत मूळ किमतीच्या दुपटीच्या बरीच पुढे जाते. म्हणजे १९९० च्या दशकातली सुप्रा किंवा आर३४ आज जपानहून सरळ मार्गाने इथे नोंदवता येत नाही. कोणी "कागद करून देतो" म्हणत असेल तर कागद दुसऱ्याच गाडीचे असण्याची दाट शक्यता आहे, आणि अशी गाडी जप्त झाली की पैसेही गेले आणि चौकशीही मागे लागली. साध्या गाडीत दुसरं इंजिन बसवून 'स्पोर्ट्स' केलेल्या गाड्याही टाळा. निर्मात्याच्या मूळ तपशिलात केलेले बदल कायद्याला मान्य नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मग सरळ मार्गाने काय उरतं? भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या मोजक्या गाड्या: २०१० मध्ये आलेली निसान ३७०झेड, त्याच वर्षीची मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन एक्स, आणि २०१६ च्या डिसेंबरात १ कोटी ९९ लाखांना आलेली निसान जीटी-आर. जीटी-आर आपल्यापैकी बहुतेकांसाठी नाही. खरी तुलना पहिल्या दोघींची. ३७०झेडमध्ये ३.७ लिटरचं टर्बो नसलेलं व्ही-६, मागच्या चाकांवर ताकद, दोनच आसनं. इव्होमध्ये दोन लिटरचा टर्बो, चारही चाकांवर ताकद, चार दारं आणि घरच्यांना बसायला जागा. आपल्या उन्हाळ्यात, ४२-४३ डिग्रीच्या दुपारी, टर्बो गाडीच्या कूलिंगची जास्त काळजी घ्यावी लागते. इंटरकूलर, रेडिएटर आणि होज आधी तपासा. इव्होत क्लचचा आणि चारही चाकांच्या यंत्रणेचा खर्च मोठा. दोघींचे सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात, म्हणून घेण्याआधी अहमदाबाद किंवा मुंबईतला असा फिटर शोधा ज्याने ही गाडी प्रत्यक्ष खोललेली आहे. साधी देखभाल मागणारी गाडी हवी असेल तर माझं मत ३७०झेडला.

पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल मिळतं. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, रबरी होज आणि सील वर्षातून एकदा बघून घ्या. गाडी महिनोन्महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत जुनं पेट्रोल राहू देऊ नका. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे स्पीड ब्रेकर गाडी घेण्याआधी मोजा, आणि मालकाला सांगून तीच गाडी त्या वाटेवरून एकदा नेऊन आणा. पोट घासलं तर रोज घासणार.

दर्जीपुऱ्याच्या आरटीओत कागद हस्तांतरासाठी देण्याआधी चासिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर वाचा, आरसीशी ताडा, बँकेचा बोजा उतरला आहे का बघा, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर एनओसी मागा.

आणि विश्वामित्री नदीला विसरू नका. ऑगस्ट २०२४ च्या पुरात बडोद्यातल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. पुढच्या सीटखाली हात घालून रुळांवरचा गंज चाचपा. डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का, टॉर्च मारून बघा. स्टेपनी काढून तिच्या खाचेत गाळ आहे का बघा. शेवटी ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी थांबेपर्यंत, आणि त्याचा आतला वीतभर भाग उजेडात धरा. तिथे मातीची आडवी रेघ दिसली तर बयाणा देऊ नका, गाडी कितीही स्वस्त असली तरी.